आजोबांची गाडी, शंभर टक्के ओरिजिनल

घड्याळजींच्या आजोबांच्या मोटरसायकलचं इंजिन कायमचं जाम झालं, आणि जुन्या गाड्यांचं प्रदर्शन तर चार दिवसांवर आलेलं. सासुरवाडीत बढाया मारून झाल्या होत्या. मग काय, त्यांनी बागेतल्या पंपाचं इंजिन उपटलं, गाडीच्या सांगाड्यात ठोकून बसवलं आणि वायरी अशा काही जोडल्या की हॉर्न दाबला की दिवा लागायचा.

"आता झाडांना पाणी कोण घालणार, तुमचे आजोबा?" बायको कडाडली.

प्रदर्शनाचा नियम कडक होता. एक जरी भाग बदललेला सापडला, तर माइकवरून नाव घेऊन बाहेर काढायचे. त्यात पुढच्या रांगेत सासरेबुवा सहकुटुंब हजर!

परीक्षक म्हणजे नुसत्या आवाजावरून गाडीचं साल सांगणारे. त्यांनी गाडी सुरू करायला लावली, डोळे मिटून इंजिनाला कान लावला आणि भुवया चढवल्या. घड्याळजी गाडी बंद करायला पुढे सरसावले. परीक्षकांनी हळूच इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांच्या कानाशी तोंड नेलं.



"पंपाचं ना? अ‍ॅव्हरेज किती देतंय हो? मी माझ्या गाडीत जनरेटरचं बसवलंय, ते नुसतं पेट्रोल ढोसतं!"