गिलक्यातला दोडका

“माझ्या बियाण्यात दोडका? शक्यच नाय,” सखुबाई म्हणाल्या आणि हातातलं गिलकं त्यांनी क्रेटमध्ये जरा जोरातच ठेवलं.

मंजुषा मांडवाखाली उभी होती. मखमलाबादच्या या मळ्यात ती तीन वर्षं येत होती. गिलकं, म्हणजे घोसाळं, आणि दोडका या दोन प्रजाती एकमेकींपासून कधी वेगळ्या झाल्या, हा तिच्या प्रबंधाचा विषय. दोघींच्या जनुकांत फरक जितका जास्त, तितकी फारकत जुनी. पण मधल्या काळात संकर झाला असेल, तर तेवढे भाग सारखे दिसतात आणि जुनी फारकत अलीकडची वाटू लागते. म्हणूनच तिने हे दोन मळे निवडले होते. बांधाच्या अलीकडे सखुबाई आणि गोटीराम यांची गिलकी, पलीकडे गोटीरामांचे धाकटे भाऊ पुंजा यांचे दोडके. दोन्हीकडे घरचं बी. आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण झाल्यापासून गेली बावीस वर्षं दोन्ही घरांत बोलणं नव्हतं.

निकाल मात्र भलताच आला होता. जनुकांचा बराचसा भाग लाखो वर्षांची फारकत सांगत होता. पण सखुबाईंच्या गिलक्यांत मधूनच दोडक्याचे लांबलचक तुकडे निघाले. असे तुकडे दर पिढीला तुटत, आखूड होत जातात. हे अजून लांब होते. मंजुषाने मागे मोजत नेलं, तर संकर दहा-अकरा पेरण्यांपूर्वीचा निघाला.

“घरचं बी म्हणून तुला फसवलंय,” तिचे मार्गदर्शक म्हणाले होते. “बाजारातलं मिसळलं असणार. संकर कसा झाला ते नक्की कळलं, तर तेवढा भाग वगळून तारीख काढता येईल. नाहीतर हा मळा प्रबंधातून काढून टाक. सोमवारपर्यंत सांग.”

हा मळा काढायचा म्हणजे तीन वर्षं काढून टाकायची.

“मावशी, रागावू नका,” मंजुषा म्हणाली. “एखाद्या साली बी कमी पडलं, बाजारातून आणलं, असं कधी झालं का?”

“बाजाराचं बी?” सखुबाईंनी पदर खोचला. “सासूबाईंच्या हातचं बी हाय हे. आणि त्या घरचं म्हणशील, तर तिकडची धूळ इकडं येत नाय. यांना शपथच घातलीय मी. ज्या दिवशी बांध ओलांडाल, त्या दिवसापासून माझ्या हातचं जेवायचं नाय. विचार यांनाच!”

गोटीराम भरलेले क्रेट टेम्पोत चढवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

फुलांतून झालं म्हणावं, तर तेही पटत नव्हतं. दिवस कलला होता आणि बांधापलीकडे दोडक्याची पिवळी फुलं आत्ता कुठे उमलायला लागली होती. दोडका फुलतो संध्याकाळी आणि गिलकं पहाटे. एखादा परागकण माशी नेईलही इकडून तिकडे. एकाच हंगामात इतका संकर माशीच्या हातचा नव्हता.

मंजुषाने वही मिटली. “ठीक आहे, मावशी. हा मळा मी काढून टाकते. कारण म्हणून ‘बियाणं मिसळलेलं’ असं लिहावं लागेल.”

“म्हणजे मी खोटी?”

“तुम्ही नाही हो...” नमुन्यांच्या पिशव्या आवरायच्या निमित्ताने मंजुषा खाली वाकली.

“थांबा ताई,” गोटीराम म्हणाले. क्रेट त्यांनी परत खाली ठेवला. “अकरा वर्षं झाली. हिचं ऑपरेशन झालं आणि ही महिनाभर लेकीकडं होती, सिन्नरला. त्या साली शेजारच्या द्राक्षबागेत फवारण्या लय झाल्या. माश्याच राहिल्या नाय. फुलं यायची आणि गळून पडायची. मग मी पहाटे उठून कापसाच्या बोळ्यानं नरफुलाची भुकटी मादीफुलाला लावायचो. एकेका फुलाला.”

“ते तर सांगितलं होतं तुम्ही,” सखुबाई म्हणाल्या.

“संध्याकाळचं नव्हतं सांगितलं.” गोटीरामांनी बांधाकडे बघितलं. “पुंजाचा हात प्लास्टरमध्ये होता. त्याची बायको लंका एकटी किती फुलं करणार? संध्याकाळी तिकडं जाऊन दोडके करायचो, पहाटे इकडं गिलकी. बोळा एकच होता.” मग मंजुषाकडे वळून म्हणाले, “लिहून घ्या. बी खोटं नाय. माझ्या हातानं झालंय ते.” आणि बायकोकडे न बघता, “जेवणाचं काय ते तू ठरव आता.”

मंजुषाला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. एक हंगाम, एक बोळा, एक माणूस. तेवढे तुकडे आता बाजूला काढता येणार होते आणि खालची जुनी तारीख उघडी पडणार होती. तिला आनंद व्हायला हवा होता. पण शपथ मोडल्याचं आपल्यापायी उघड झालं, या विचाराने सखुबाईंकडे बघायची तिची हिंमत होईना. त्यात एक गोष्ट अजून जुळत नव्हती.

“पण काका,” ती हळूच म्हणाली, “त्या बियांचे वेल पुढच्या साली वेगळे दिसले असणार. मावशी तर जरा वेगळं दिसलं की वेल उपटून टाकतात. मग अकरा वर्षं ते टिकले कसे?”

गोटीरामांनी आता बायकोकडे बघितलं.

“आले होते ना,” सखुबाई म्हणाल्या. “पाच-सहा वेल. गिलक्याला दोडक्यासारख्या शिरा. उपटायला वाकले, तेव्हाच कळलं, मी नसताना हे कुठं जात होते ते.” त्यांनी पुढचं गिलकं उचलून क्रेटमध्ये अलगद ठेवलं. “मग दर साली बी त्याच वेलांचं धरलं.”