उरलेली वीज

कंदील दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा आमदार झाला, तो एकाच हट्टावर. "भाजी परसातली, तशी वीज छपरावरची." गावोगाव पायपीट करून त्यांनी घरोघरी सारखीच सौर पॅनेलं बसवून घेतली; स्वतःच्या घरी मात्र जन्मभर पाहुण्यासारखे जेवायला यायचे.

यंदा ज्या घरची वीज सगळ्यात जास्त उरेल, त्या घराचा सत्कार करायचं ठरलं. पहिला नंबर आमदारांच्याच घराचा आला. लोक म्हणाले, बोले तैसा चाले म्हणतात ते असं.

सत्कार आटोपल्यावर सभागृहाबाहेर शेजारच्या वहिनींनी आमदारांना गाठलं.

"भाऊजी, पॅनेलं सारखीच, ऊनही तेच. आमच्याकडे सुनेची इस्त्री, नातवंडांचा टीव्ही, आणि ह्यांना तर थंडीतसुद्धा डोक्यावर पंखा लागतो. शिल्लक कसली राहतेय, आणखी मागवावी लागते. तुम्ही एवढी उरवता तरी कशी?"

"काटकसर, वहिनी," ते हसून म्हणाले.

"मग आमच्या घरात नाही बाई जमायचं. एक दिवा घालवला की दुसरं कुणीतरी दोन लावतं," असं पुटपुटत त्या नातवंडांना हाका मारत निघाल्या.



घरी येऊन आमदारांनी स्वतःच कुलूप काढलं, मुलांच्या बंद खोल्या उघडून दिवे लावले, स्वयंपाकघरातला पंखा सुरू केला, टीव्हीचा आवाज मोठा केला, आणि पुढच्या वर्षी तरी आपला नंबर येऊ नये म्हणून सगळं तसंच चालू ठेवून आडवे झाले.