स्वतःच्या मालकीचं ऑफिस

तासावर भाड्याने मिळणारं ते चकचकीत ऑफिस. आपल्या नावाची पाटी आणि घरच्यांचा फोटो आधी देऊन ठेवायचा; आपण पोचायच्या आत तिथली माणसं टेबलावर मांडून ठेवतात. मोठं कंत्राट देणारे एक शेठ भेटायला येणार होते, म्हणून मी बारा ते एकची वेळ घेतली.

"झकास आहे हो तुमचं ऑफिस!" शेठ आत येताच म्हणाले.

"बारा वर्षं झाली इथे," मी खुर्चीत रेलून ठोकून दिलं. "पडदेसुद्धा आमच्या हिने निवडलेत."

"असंच पाहिजे. भाड्याच्या जागेत बसणाऱ्यांशी मी व्यवहारच करत नाही. कधी गाशा गुंडाळतील, नेम नाही. बरं, जरा लवकर आटपू या. एक वाजता माझ्या ऑफिसात मीटिंग आहे."

"हो हो. ही बघा आमची घरची मंडळी," म्हणत मी टेबलावरचा फोटो न बघताच त्यांच्याकडे फिरवला.

शेठचा चेहरा खर्रकन उतरला. मी वाकून पाहिलं.



फोटोत एक बाई, दोन मुली आणि मधोमध, कोट घालून, खुद्द शेठ.