इंजिन धुऊ नकोस

"फक्त बाहेरून धू. इंजिनाला हात लावू नकोस," नवऱ्याने फोनवर बजावलं होतं. "चारला गिऱ्हाईक घेऊन येतो."

तिने "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि बॉनेट उघडलं.

सकाळचे अकरा वाजत होते. गाडी आठवडाभर जागची हलली नव्हती. तरी तिने सवयीने इंजिनावर तळहात ठेवून पाहिला. गार होतं. तापलेल्या इंजिनावर पाणी मारायचं नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. नवरा जुन्या गाड्या विकायचा आणि गेली नऊ वर्षं त्यांची इंजिनं ती याच अंगणात चकाचक करत आली होती. सहा महिन्यांपूर्वी तो दुसरीकडे राहायला गेला. जाताना कपाट नेलं, टीव्ही नेला. तिकडे जागा नाही म्हणून गाडी तेवढी अंगणात राहिली.

तिने बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली. अल्टरनेटर, फ्यूजची पेटी आणि हवा आत घेणारं तोंड, तिन्हींवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून रबरं लावली. मग हातमोजे घातले आणि मळ काढायचं द्रावण फवारायला सुरुवात केली.

"त्या मेल्याची गाडी धुतेस?" शेजारच्या काकू कुंपणावर कोपरं टेकून उभ्या होत्या. "टाकीत किलोभर साखर ओत. बसेल बोंबलत."

"साखर महाग झालीये, काकू."

"थट्टा नाही. 'चोराची बहीण' म्हणून गल्लीभर ओरडत गेला तो. मी असते ना..."

ती ब्रशने घासत राहिली. तो शब्द रोज झोपताना तिच्या कानात वाजायचा.

तिचा धाकटा भाऊ एका डॉक्टरांच्या गाडीवर ड्रायव्हर होता. नोकरी नवऱ्यानेच लावून दिलेली. दोन वर्षांपूर्वी ती गाडी रातोरात नाहीशी झाली. कुलूप तुटलं नव्हतं, काच फुटली नव्हती, चावी भावाकडे. गाडी काही सापडली नाही, भाऊ मात्र आत गेला. भेटायला गेलं की जाळीपलीकडून एवढंच म्हणायचा, "ताई, तू तरी विश्वास ठेव." आई त्याच धसक्याने गेली. तिला खांदा द्यायला नवरा सगळ्यांत पुढे होता.

या माणसाला मातीत घालायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. महिनाभर ती गल्लीत कुणाला काही बोलली नव्हती.

वरचा भाग तासाभरात लख्ख झाला. मग ती वाकली आणि हात खाली घातला. इंजिनाच्या बाजूला, डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या जागी काळा थर होता. नेहमीचा तेलकट मळ बोटाने निघतो. हा डांबरासारखा वाळून बसला होता. तिने दातांचा जुना ब्रश घेतला. द्रावण लावायचं, थांबायचं, घासायचं, पुसायचं. पुन्हा लावायचं.

"तिथे कोण बघणारे?" काकू म्हणाल्या. "जेवून घे आधी."

"एवढं झालं की जेवते."

दोन वाजले. कंबर धरली, मोज्याचं एक बोट फाटलं, पण थर निघाला. तिने ओल्या फडक्याने सगळं पुसलं, मग कोरड्याने. सांध्यासांध्यांत पंख्याची हवा सोडली. पिशव्या काढल्या, तार जोडली, एकेक जोडणी दाबून पाहिली. जेवण राहूनच गेलं.

नवरा चारच्या ठोक्याला आला. सोबत चष्मा लावलेला, पोट सुटलेला एक गृहस्थ. उघडं बॉनेट पाहिलं आणि नवऱ्याचा चेहरा उतरला.

"इंजिन कुणी धुवायला सांगितलं तुला?"

"नऊ वर्षांची सवय. बॉनेट उघडलं की हात थांबत नाही."

"काय काय उपटून ठेवलंस?" तो गिऱ्हाइकाकडे वळला. "साहेब, आज राहू द्या. बायकोशी जरा वाकडं आहे माझं. खुन्नस काढली असेल हिने. आधी मेकॅनिकला दाखवतो."

"चालू तर करून बघा," ती म्हणाली. "की भीती वाटते?"

नवऱ्याने चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. ना धूर, ना खडखड. तो दोन मिनिटं कान देऊन ऐकत राहिला, मग गाडी बंद करून खाली उतरला. आता जरा हसला.

"ऐकलंत ना साहेब? दोन वर्षांपूर्वी इंजिन पूर्ण बांधून घेतलंय. चला, चहा घेत बोलू."

"चहा नंतर," गिऱ्हाईक म्हणाला. "बाईंनी एवढी मेहनत घेतलीय, बघायला तर हवी."

त्याने खिशातून छोटी टॉर्च काढली आणि बॉनेटखाली वाकला. वरचं काहीच न बघता थेट खाली, घासलेल्या जागी त्याने उजेड टाकला.

"तिथे काय बघताय?" नवरा पुढे सरसावला. "तिथे काही नसतं."

गिऱ्हाइकाने घडी घातलेला कागद उलगडला. धातूवर कोरलेला इंजिनाचा नंबर आणि कागदावरचा नंबर त्याने बोट ठेवत, एकेक अंक करून मोठ्याने वाचला. मग सरळ उभा राहिला आणि गाडीची चावी स्वतःच्या खिशात टाकली.

"डॉक्टरांच्या गाडीचं इंजिन आहे हे," तो नवऱ्याला म्हणाला. त्याने हात वर केला तसे गेटबाहेर थांबलेले दोन हवालदार आत आले, आणि तो तिच्याकडे वळला. "ताई, काळ्या थराखाली नंबर लपवलाय ही तुमची तक्रार खरी निघाली. चला, भावाला सांगायला माझ्याबरोबर तुम्हीच चला."