मारोतरावांची उंची

"पाह्य वं, खांद्याले खांदा लागून राहिला," मारोतराव आरशात बघत म्हणाले. शेजारी ओढून आणलेल्या शोभाताई पाठ चोळत नुसत्या हसल्या.

हा दिवस बघायला मारोतरावांनी जन्म घालवला होता. लग्नात हार घालताना नवरदेवाला पाटावर पाट ठेवून चढवावं लागलं, हे अख्ख्या रामटेकने पाहिलं होतं. बिचाऱ्या शोभाताईंनी कधी टाचेची चप्पल घातली नाही. नवरा बुटका दिसू नये म्हणून प्रत्येक फोटोत त्या खुर्चीवर बसल्या आणि हे मागे उभे राहिले.

निवृत्तीनंतर मारोतराव रोज सकाळी बागेतल्या लोखंडी दांड्याला लोंबकळू लागले. हसणारे हसले, पण आता फळ मिळालं होतं. ते त्यांनी महाल वस्तीतल्या आपल्या गल्लीभर सांगितलं. लग्नाच्या वाढदिवसाला दोघांचा उभ्याने फोटो काढायचा, हेही ठरवून टाकलं.

शोभाताईंची पाठ मात्र दुखायची थांबेना. शेवटी सून सोनिका दोघांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी शोभाताईंची उंची मोजली, तेव्हा मारोतरावांनी आपलीही हौसेने मोजून घेतली.

ती सूतभरही वाढली नव्हती. शोभाताईंची दोन इंच कमी झाली होती.

मणके दबलेत, एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले. हाडांची घनता मोजली, तीही कमी निघाली. पाळी गेल्यावर बाईची हाडं ठिसूळ होत जातात; त्यात अंगाला ऊन नाही, पोटात दूध नाही. औषधाने पुढची झीज आवरेल, दुखणंही कमी होईल, पण गेलेली उंची परत यायची नाही.

मारोतरावांना रोज रात्री आपल्या हातात येणारा दुधाचा पेला आठवला. शोभाताईंच्या हातात कायम कोरा चहा असे. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काहून तोंड पाडलं जी?" शोभाताईच म्हणाल्या. "तुम्ही नाही वाढले, तं मी आली ना तुमच्याजवळ."

त्या रात्रीपासून दुधाचा पेला शोभाताईंकडे गेला. सकाळी लोंबकळण्याऐवजी मारोतराव त्यांना कोवळ्या उन्हात फिरवून आणू लागले. वाढदिवसापर्यंत पाठ बरीच हलकी झाली.

सीताबर्डीच्या स्टुडिओत फोटोग्राफरने सवयीने खुर्ची शोभाताईंपुढे सरकवली.

"इकडे आण गा," मारोतराव म्हणाले आणि ऐटीत खुर्चीवर बसले. "आज ती उभी राहीन."