खरवडलेली नावं

शनिवारी सकाळी डॅडी स्वयंपाकघरात गाण्यांच्या तबकड्या पुसत बसले होते. एकीवरही नाव नव्हतं. दुसऱ्या डीजेंनी गाणं चोरू नये म्हणून क्लबमध्ये वाजवण्याआधी ते लेबलं खरवडून टाकत. “नावं फक्त माझ्या डोक्यात. बस, लिहून घे.” “पुढच्या शनिवारी नक्की, डॅडी.” “तुझा शनिवार जमैकाहून बोटीनं येतो वाटतं, बाईसाहेब!” मंगळवारी त्यांचं हृदय थांबलं. महिन्याभरानं त्यांची लाडकी तबकडी घेऊन मी नाव शोधत ब्रिक्स्टनमधल्या तबकड्यांच्या दुकानात गेले. म्हाताऱ्या दुकानदारानं ती लावली. पहिल्याच ठोक्याला त्याचे डोळे भरले. “आम्हा गोऱ्या पोरांना जमैकाच्या रेगे संगीताचं वेड ही वाजवणाऱ्या डीजेनं लावलं. नाव विचारलं की लबाड नुसता हसायचा! कुठे मिळाली ही?” वडील डीजे असल्याच्या लाजेनं मी शाळेत ते वायरमन असल्याचं सांगायचे. आज मोठ्यानं म्हणाले, “ही वाजवणारे माझे वडील होते.”