सहावा विषय

ट्वायलाला दातांची डॉक्टर व्हायचं होतं. दंतवैद्यकाच्या कॉलेजात शिरायचं तर आधी विज्ञानाचे सहा विषय पदरात पाडून घ्यायला हवे होते, आणि किराणा दुकानातली नोकरी सांभाळून तिला वर्षाला एकच विषय झेपायचा. म्हणून तिने सोपं आधी आणि अवघड मागाहून असं ठरवलं. जीवशास्त्र पहिल्या वर्षी घेतलं, रसायनशास्त्र दुसऱ्या, भौतिकशास्त्र अगदी शेवटी ठेवलं.

केंटकीच्या त्या खाणगावात दातांचा डॉक्टर म्हणजे दोन तासांचा रस्ता. दाढ ठणकली की आई लवंगतेलाचा बोळा दाबून धरायची, पण जायची नाही. "परक्याला तोंडात हात घालू द्यायची नाही मी. बसेन तर माझ्या पोरीच्याच खुर्चीत!"

सहाव्या वर्षी भौतिकशास्त्रही सुटलं. ट्वायला नाचतच सल्लागार सरांकडे गेली. गुणपत्रिकेवरच्या तारखा सरांनी बोटांवर मोजल्या.

"विषय सगळे झालेत गं. पण पाच वर्षं उलटलेले मार्क तिकडे धरत नाहीत. जीवशास्त्र पुन्हा घ्यावं लागेल."

"घेते की! एका वर्षाचा तर प्रश्न."

"तोवर तुझं रसायनशास्त्र शिळं होईल."

घरी येऊन ती पायरीवर बसली आणि आईला सगळं सांगताना हुंदके देऊन रडली.


"रडतेस काय? सावकाश होऊ दे. मला आता कसली घाई?" म्हणत आई तोंडाचं बोळकं पसरून हसली.